नवव्या जागेची चिठ्ठी

रिजवानच्या पहिल्या दिवशी बहाई माणसं काम बंद ठेवतात. सिद्धेश्वर धरणाजवळच्या त्या गावात तातेरावांची शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडली होती आणि तातेराव सकाळपासून ओसरीवर येरझारा घालत होते.

बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लांनी बगदादच्या बागेत आपलं कार्य जाहीर केलं, त्या आठवणीचा हा बारा दिवसांचा सण. पहिल्याच दिवशी गावातले बहाई आपला कारभार बघणारी नऊ जणांची आध्यात्मिक सभा निवडतात. उमेदवार नाही, प्रचार नाही. ज्यानं त्यानं मनातली नऊ नावं चिठ्ठीवर लिहायची. गावात हा धर्म आणला तातेरावांनी. सभेतून त्यांचं नाव कधी सुटलं नव्हतं, बैठकाही त्यांच्याच ओसरीवर व्हायच्या. यंदा मात्र तरुण मंडळी वाढली होती.

"नवी पोरं काय म्हणून राहिली?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कशाबद्दल?"

"असंच. यंदाबद्दल."

"नावं काढायची न्हाईत," शालूबाई म्हणाल्या. "तुमीच सांगता समद्यांला."

"मी कुठं नाव काढलं?" असं म्हणत ते खळ्यावर गेले, हळदीकडे बघून परत आले.

दुपारी सगळे ओसरीवर जमले. प्रार्थना झाल्या, मग चिठ्ठ्या. लहान मुलांचे वर्ग घेणारी निलम आणि तातेरावांचा पुतण्या भागवत मोजायला बसले. बराच वेळ दोघं कुजबुजत राहिले. तातेरावांचा पाय हलायचा थांबेना.

शेवटी निलमनं मान वर केली. "आठ जण ठरले. नवव्या जागेला दोघांना बराबर मतं पडली. तातेरावकाका आन शालूकाकू."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आता पुन्हा मतदान, दोघांपैकी एकच नाव लिहायचं.

शालूबाईंनी लिहून चिठ्ठी दुमडलीसुद्धा. ती माझंच नाव लिहिणार, तातेरावांना खात्री होती. स्वतःचं नाव लिहायला मनाई नव्हती. तरी लिहिताना त्यांनी चिठ्ठी हातानं झाकली.

निलम वाचू लागली. शालूबाई. शालूबाई. तातेराव. शालूबाई. त्यानंतर शालूबाईंशिवाय दुसरं नाव आलंच नाही.

ते एक मत आपलंच होतं, हे फक्त तातेरावांना माहीत होतं. म्हणजे शालूनंही आपल्याला दिलं नव्हतं.

सूर्य मावळून तो दिवस सरताच ते खळ्यावर जाऊन हळद खालीवर करू लागले. गरज नव्हती. शालूबाई पाणी घेऊन आल्या.

"तू सोताचं नाव लिवलं?"

"तुमाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच ते एक मत कुणाचं होतं हे त्यांच्या लक्षात आलं.

"व्हय, लिवलं," शालूबाई म्हणाल्या. "पहिल्या चिठ्ठीत तुमचं व्हतं."

"मंग आता काहून?"

"बैठकीत चहा द्यायला येते तवा बघते ना मी. निलम तोंड उघडती, आन तुमीच बोलायला लागता. समदे तुमचं ऐकत बसतात. मला वाटलं, तुमच्या जागेवर आपुन बसावं. तुमी काहून लिवलं सोताचं?"

तातेरावांनी पाण्याचा तांब्या तसाच परत दिला.

दोन दिवसांनी नव्या सभेची बैठक भरली. आपल्याच घरात कुठं बसावं हे तातेरावांना कळेना. चहा घेऊन गेले तर सगळे बोलायचे थांबले. ते बाहेर पडल्यावर निलमचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण ती बराच वेळ बोलत होती आणि मधे कुणी बोलत नव्हतं. तातेराव गोठ्यात गेले, म्हशीला पाजून झालं होतं तरी पुन्हा पाणी दाखवलं.

शालूबाई बाहेर आल्या. "सणाच्या नवव्या दिवशी प्रार्थनेला निर्मलाबाईंना बोलवायचंय. सभेनं हे काम तुमच्यावर टाकलं."

निर्मलाबाई पूर्वी सभेत होत्या. आता त्या वारंगा फाट्यावर लेकीकडं राहत.

"मलाच काहून? भागवतला धाडा."

"तुमी त्यांला चारचौघांत गप्प बसवलं, तवापासून त्या येत न्हाईत."

तातेराव रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी न सांगताच त्यांनी मोटारसायकल काढली.

निर्मलाबाईंनी दार उघडलं, पण या म्हणाल्या नाहीत. तातेराव पायरीवरच बसले. रस्त्यावरून ट्रक जात होते.

"त्या दिवशी तुमचं बोलणं अर्धं राह्यलं व्हतं," ते म्हणाले. "आज सांगा."

निर्मलाबाईंनी सांगायला सुरुवात केली. त्या दिवसाचं सांगितलं, त्याआधीचंही सांगितलं. सगळंच खरं नव्हतं. दोनदा तातेरावांच्या ओठांवर शब्द आले, दोन्ही वेळा त्यांनी ते गिळले. गुडघा मात्र सारखा हलत होता. शेवटी निर्मलाबाई थांबल्या, दारातून बाजूला झाल्या.

"आत बसा," त्या म्हणाल्या. "उन्हात काहून बसलात?"

नवव्या दिवशी त्या गावात आल्या, तातेरावांच्या गाडीवर मागं बसून. वाटभर त्याच बोलत होत्या.