राहिलेला उत्तररंग

या मित्रांनो, जरा जवळ सरून बसा. एका अर्ध्यावर राहिलेल्या कीर्तनाची गोष्ट सांगतो. घाई असेल त्यांनी आत्ताच उठावं; कीर्तनातून मध्येच उठू नये, असं आमच्या घरात मानतात.

मी एक जुना उपग्रह रेडिओ आहे. माझं अंग चहाच्या डब्याएवढं, आणि गच्चीवर ताटलीसारखा अँटेना. अमोलनं मला नाशिकच्या दुकानातून घेतलं आणि एकलहऱ्याला आईवडिलांच्या घरी आणून ठेवलं. वडील बहिरूभाऊ वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, बॉयलरच्या घरघरीनं एक कान अधू झालेले. आई कुसाबाई. गुडघे धरल्यापासून तिचं देवळातलं कीर्तन सुटलं होतं. म्हणून तर मी आलो.

रोज सकाळी सहाला मंगलाबाई नावाच्या कीर्तनकार माझ्यातून बोलत. काय तो आवाज! झांज थांबली की घरातली पालसुद्धा चुकचुकायची नाही. आधी पूर्वरंग, म्हणजे निरूपण; मग उत्तररंग, म्हणजे कथा. दोन्हींच्या मध्ये कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालायची रीत आहे. मंगलाबाई दिसत नसत, म्हणून कुसाबाई तो मान मला द्यायची. जाळीवर बुक्क्याचं बोट, मुठीला झेंडूचा हार.

"आई, नैवेद्य पण दाखव त्याला," अमोल चिडवायचा.

"दाखवला असता. पण मेल्याला पोट कुठंय?"

अशी सात वर्षं गेली. तेवढंच माझं सुख.

मग दोन रेडिओ कंपन्या एक झाल्या. अमोलनं फोनवर वाचून दाखवलं, की सारख्या वाहिन्या एकत्र करणार, पण आवडीचे कार्यक्रम तसेच राहतील.

"म्हंजे मंगलाबाई राहणार ना?" कुसाबाईनं दोनदा विचारलं.

"लिहिलंय तरी तसंच."

एका बुधवारी उत्तररंगाला सुदाम्याची कथा होती. पूर्वरंग संपला. कुसाबाईनं बुक्का लावला, हार घातला आणि ती हात जोडून बसली. साडेसहा वाजले आणि माझ्यातून भलतीच धून निघाली. एक तरुण आवाज म्हणाला, "आता ऐका, नॉनस्टॉप भक्तिगीतं." नव्या कंपनीचं वेळापत्रक नेमकं तेव्हाच सुरू झालं होतं.

कुसाबाईचा चेहरा उतरला. "अहो, बुक्का आत गेला वाटतं. मीच घालवला बाईंचा आवाज."

"बुक्क्यानं काय होतंय?" बहिरूभाऊ म्हणाले. "लग्न त्या दोघांचं लागलं, अन् घराबाहेर काढलं आपल्या बाईला."

ती हसली नाही. खराट्यातली हिराची काडी घेऊन कितीतरी दिवस माझ्या जाळीचं एकेक भोक साफ करत राहिली. "बोला ना, बाई," म्हणायची. मित्रांनो, आभाळातून येईल तेवढंच मला बोलता येतं. माझा स्वतःचा एक शब्द नाही.

शेवटी अमोलनं कंपनीला फोन लावून तिच्यापुढं धरला. पलीकडं तृप्ती नावाची मुलगी होती.

"कीर्तनाला श्रोते कमी होते, मॅडम."

"कमी म्हंजे किती गं? आम्हा दोघांना धरलं होतं का त्यात?"

तृप्ती हळू आवाजात म्हणाली, "आजी, तुमचा रेडिओ चांगलाय. इकडूनच बंद केलंय."

फोन ठेवल्यावर कुसाबाई म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. मला वाईट वाटू नये म्हणून बोलली तसं."

त्या दिवशी तिनं बुक्क्याची डबी देवामागं सारली. देवाच्या तसबिरीलाही लांबूनच हात जोडायला लागली. दोन वर्षं तशीच काढली, आणि माघात ती गेली. बहिरूभाऊंना अमोल गंगापूर रोडच्या फ्लॅटवर घेऊन गेला. मी आता तिथल्या माळ्यावर टॉवेलात गुंडाळलेला आहे. माझा स्पीकर अजून ठणठणीत आहे.

यंत्रांवरची धूळ पुसत जा, असं आम्ही जुन्या वस्तू नेहमी सांगतो. मी एवढंच मागतो, की ऐकणारी दोनच माणसं उरली असली तरी सांगणाऱ्याची कथा पुरी होऊ द्या. आणि कधी कीर्तनाला बसाल, तुमच्या कपाळाला बुक्का लागेल, तेव्हा कुसाबाईची आठवण काढा. तिनं कुणाचा आवाज घालवला नव्हता.