सरांनी काढलेलं रक्त

“हे ‘लाल’ कुणी लिहिलंय?” डॉ. उदयसिंह सरांनी नोंदवही टेबलावर आपटली.

“मी, सर,” बाळासो म्हणाला. “नमुने लाल हाईत म्हणून लाल लिवलंय.”

लिहिणार नाही तर काय! बावीस वर्षं हा माणूस त्या फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदरांचं रक्त काढत होता. शेपटी कोमट पाण्यात धरायची, बारीक सुई अलगद घालायची आणि रक्त आपणहून येईपर्यंत गप बसायचं. मग नळी यंत्रात फिरवली की वर स्वच्छ पिवळसर सिरम येतं. त्यात इन्सुलिन किती आहे ते मोजायचं. एवढंच त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कॉलेजात कुणी नव्हता.

आणि सर? सरांनी अकरा वर्षांत उंदराला हात लावला नव्हता. पण परवा फोटोवाला आला आणि साहेबांना हुरूप चढला. मधुमेह झालेले चोवीस उंदीर होते. त्यातल्या बारांना सरांच्या मेहुण्याच्या कारखान्यातलं चूर्ण महिनाभर दिलं होतं, उरलेल्या बारांना नुसतं पाणी. चूर्णवाल्यांचं रक्त बाळासोनं काढलं, पाणीवाल्या बारांचं सरांनी जातीनं. नजर कॅमेऱ्याकडे, हात भलतीकडे. सिरिंज खसाखसा ओढली, नळ्या तर अशा हलवल्या की विचारू नका. रक्तातल्या पेशी फुटल्या, सिरम लाल झालं. फोटो मात्र झकास आले.

फुटलेल्या पेशींतून जे बाहेर पडतं ते नळीतलं इन्सुलिन खाऊन टाकतं, हे बाळासोला पाठ होतं. सरांनाही ठाऊक असावं; पीएच.डी. आहे म्हणे. तर झालं काय, पाणीवाल्यांचा आकडा पार तळाला गेला आणि त्याच्या शेजारी चूर्णवाल्यांचा दुप्पट दिसायला लागला. एका फोटोपायी मेहुण्याचं चूर्ण औषध ठरलं!

“ते बारा नमुने परत घेऊया, सर. आठवडाभरात हुतंय,” बाळासो म्हणाला.

“आठवडा कुठला? शनिवारी पत्रकार बोलावलेत मी.” सरांनी कोरं पान पुढं सरकवलं. “‘नमुने स्वच्छ’ असं लिही आणि सही कर. तुझा करार ह्या महिन्यात संपतोय, ध्यानात हाय न्हवं?”

ध्यानात नसायला काय झालं! बावीस वर्षं, दर वर्षी नवा करार, आणि दर वर्षी ह्याच्या दारात टोपी काढून उभं राहायचं. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. बाळासोनं पेन उचललं, पानाकडे बघितलं, पेन खाली ठेवलं.

“लाल हाईत, सर.”

“कुणाला शिकवायलाय तू? उंदीर धरणारा माणूस तू!”

“व्हय, धरणाराच हाय. तुमाला धरता आला न्हाई, म्हणून तर ही पाळी आली.”

आता हे बोलायची काही गरज नव्हती. पण बोलला, आणि बरं वाटलं त्याला, खोटं कशाला सांगा. सरांनी तिथल्या तिथं स्वप्नालीला हाक मारली. ही नवी टेक्निशियन, लागून तीन महिने झालेली. तिनं मान वर न करता सही केली. बाळासोला तिचा राग आला नाही. थुंकावंसं वाटलं ते दारावरच्या सरांच्या पाटीवर.

रविवारच्या पेपरात फोटो छापून आला. सर आणि उंदीर. दोघांत शहाणा उंदीरच दिसत होता.

करार अर्थातच झाला नाही. बाळासो कागलच्या एका पॅथॉलॉजीत लागला. मोटारसायकलवरून घरोघरी जायचं आणि रक्त घेऊन यायचं.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी तो चिमणाबाईंच्या घरी गेला. पंच्याहत्तरीची म्हातारी, जुनी साखरेची रोगी, आणि तोंडाची भलती फटकळ.

“टोचलंस व्हय? मला वाटलं अजून शीरच हुडकायलायस,” ती म्हणाली.

बाळासो हसला. नळीवर नाव लिहिता लिहिता त्यानं विचारलं, “इन्सुलिन किती घेता, आजी?”

“सुई? ती सोडली की मी. बारा दिस झालं.” म्हातारीनं कोनाड्यातला डबा काढून दाखवला. “आता ह्ये खातो. पेपरात आलंय न्हवं? कॉलेजच्या सायबानं सवता उंदराचं रगत काढून बघितलंय.”

डब्यावर सर हसत होते.

“आजी, ह्ये खोटं हाय. सुई सोडू नका. तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या, आत्ता लावतो.”

“तू डॉक्टर हाईस?”

“न्हाई.”

“मग रगत घे आणि चालायला लाग. मोठा आलाय शाना!”

त्याच्या खिशात फोन वाजला. पुढच्या घरचे वाट बघत होते. त्यानं फोन बंद केला, नळी आपल्या नमुन्यांच्या पेटीत नीट उभी ठेवली आणि उंबऱ्याशी मांडी घालून बसला.

“उठतोस का न्हाई?” म्हातारी ओरडली.

“नंबर द्या,” बाळासो म्हणाला.