पुठ्ठा लागला तेव्हा

मित्रांनो, सौंसरच्या चंद्रिका टॉकीजमध्ये तुम्ही एखादा पिक्चर पाहिला असेल, तर पूर्ण अडीच तास तुम्ही माझ्याकडे टक लावून बसला होता. तरी मला ओळखत नाही म्हणता! मी तिथला पडदा. जुना आहे, पिवळा पडलो आहे, खालच्या कोपऱ्यात कोणीतरी मारलेली पानाची पिचकारी अजून अंगावर वागवतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पिक्चर मला कधीच दिसत नाही. तो माझ्या अंगावर पडतो, एवढंच. आवाज मात्र ऐकू येतो, कारण भोंगे माझ्या पाठीमागे आहेत आणि तो आवाज जावा म्हणून माझ्या अंगभर बारीक छिद्रं पाडलेली आहेत. दिसतात ते मला तुमचे चेहरे. म्हणून कुठला पिक्चर कसा होता हे मला विचाराल, तर मी तुमच्या तोंडावरून सांगेन.

माझा जन्म नागपूरचा. पांढऱ्या कापडाच्या लांब पट्ट्या शिवून मला केलं आणि गुंडाळून छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीत टाकलं. लोधीखेड्याच्या पुढे गाडी हळू झाली तेव्हा खिडकीतून संत्र्यांचा वास आला. सौंसरच्या स्टेशनावर मालक विनायकराव स्वतः घ्यायला आले होते. त्यांनी मला लोखंडी चौकटीत दोरीने ताणून बांधलं आणि नारळ फोडला. ते दिवस काय सांगू! देवाधर्माचा पिक्चर लागला की बोरगाव-लोधीखेड्याहून बैलगाड्या यायच्या. बायका चपला बाहेर काढून माझ्या पाया पडायच्या. उजव्या अंगाला लाकडी कठडा घालून लेडीजची जागा वेगळी केली होती. तिचं दारही वेगळं, गल्लीतून.

पुठ्ठा त्याच काळातला. आपरेटर होता भिवाजी. पिक्चरमध्ये नट-नटी जरा जवळ आले की विनायकराव खालून ओरडायचे, आणि भिवाजी संत्र्याच्या पेटीचा पुठ्ठा मशीनच्या काचेपुढे धरायचा. मी काळाठिक्कर व्हायचो. आवाज चालू, चित्र बंद. लोक हसून म्हणायचे, "लागला पुठ्ठा!" सौंसरमध्ये अजूनही कोणी लपवाछपवी करू लागला की "पुठ्ठा काहून लावतो बे?" असं म्हणतात, ते माझ्याच घरून गेलेलं आहे. भिवाजी गेला, विनायकराव गेले, जुनी मशीन भंगारात गेली, डिजिटल आली. पुठ्ठा मात्र केबिनमध्ये खिळ्याला लटकतोच आहे. जेंट्स शोला तो कोणी काढत नाही. तो आता फक्त लेडीज शोसाठी आहे.

आता मालक पंकज, विनायकरावांचा मुलगा. गोड बोलणारा, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजणारा. त्याची बायको प्राजक्ता लोधीखेड्याची. लग्न झाल्यावर पहिल्यांदा टॉकीजमध्ये आली तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये एकटीच बसून माझ्याकडे बघत राहिली होती. लाइट गेलेली, मी कोरा. तरी बघत होती. मला ती पोर तेव्हाच आवडली.

यंदा मार्च महिन्यात एक हिंदी पिक्चर आला. मोठ्या शहरातली एक बाई नवऱ्याला सोडून आपल्या मर्जीने जगते, असा. पोस्टरवर म्हणे तिची उघडी पाठ होती आणि वर लाल अक्षरांत 'औरत की आज़ादी'. शुक्रवारी पहिला शो हाउसफुल्ल झाला. कठडा होता पण बाई एकही नव्हती. बायकांच्या मुक्तीचा पिक्चर आणि बघायला सगळे बाप्ये! नटीचे कपडे उतरू लागले की शिट्ट्या, आणि खिशातली चिल्लर माझ्या अंगावर. त्यात एक प्रसंग आहे. नवरा जवळ येतो आणि ती म्हणते, "आज नहीं. मेरा मन नहीं है." ही पिक्चरमधली सगळ्यात कमी आवाजात बोललेली ओळ आहे. त्या ओळीला पुढच्या बाकावरून एकजण ओरडला, "नाही कायची बे, हो म्हन!" आणि सगळा हॉल खदाखदा हसला. प्रत्येक शोला तिथेच हसले. चेहरे वेगळे, पण हसू तेच.

पिक्चर काढणाऱ्याला हे हसू हवं होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. पण ती ओळ संपल्यावर कॅमेरा तिच्या तोंडावर थांबत नाही, खाली सरकतो, हे मला लोकांच्या डोळ्यांवरून कळत होतं. सगळे डोळे एकदमच खाली जात.

मग आल्या वंदनाताई. शाळेत शिकवतात आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा आहेत. दरवर्षी महिला दिनाला माझ्यापुढे माइक लावून भाषण करतात, म्हणून त्यांचा आवाज मी झोपेतही ओळखतो. म्हणाल्या, "पंकज, हा पिक्चर आपल्या बायकांनी पाहायलाच पाहिजे. पेपरात किती छान लिहून आलं. फक्त लेडीजचा शो ठेव."

"ठेवतो ना ताई. पण सीन हायेत त्याच्यात. आपल्या घरच्या बायका बसून राहतीन."

"मग?"

"पुठ्ठा लावतो. मी सोता उभा राहतो केबिनमध्ये. आपरेटरचा भरोसा नाही."

वंदनाताईंनी सुटकेचा सुस्कारा टाकला. "हो, ते बरं राहील."

म्हणजे बघा मित्रांनो. बाप्यांनी सगळं बघायचं आणि बायकांनी आपलीच मुक्ती पुठ्ठ्याआडून ऐकायची. यात काही चुकतंय असं त्या दोघांना वाटलं नाही. प्राजक्ता तिथेच खुर्च्या पुसून घेत उभी होती. पंकज तिला म्हणाला, "पाह्य, बायकायच्या आझादीचा पिक्चर लावून राहिलो मी, अन् तू तोंड पाडून उभी हायेस."

"तुम्ही पडद्यावर लावून राहिले," ती म्हणाली. "घरात तं नाही लावून राहिले."

तो हसला. वंदनाताईही हसल्या, मालकिणीने थट्टा केली असं समजून.

महिला दिनाच्या दुपारी लेडीज शो झाला. कठडा ओलांडून बायका सगळ्या हॉलभर बसल्या. लेकरं नव्हती, बाप्ये नव्हते, पाय मोकळे सोडून बसल्या होत्या. एवढ्या बायकांचे चेहरे मी एकदम कधी पाहिले नव्हते. पिक्चर सुरू झाला. नवरा जवळ आला आणि मी काळा झालो. पंकजने पुठ्ठा लावला होता.

अंधारात ती ओळ माझ्या छिद्रांतून बाहेर आली. आज नहीं. मेरा मन नहीं है.

कोणी हसलं नाही. मग मधल्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "घ्या वं! इचंही तेच."

"मोठ्या घरची हाय तरी तेच," दुसरी म्हणाली.

"आमचे तं नाही म्हटलं की ताट फेकते."

"डोकं दुखून राहिलं म्हनाव. चालते मंग," तिसरी म्हणाली, आणि आता कुठे सगळ्या हसल्या. पण ते शुक्रवारचं हसू नव्हतं. हे हसणं पोटातून येत होतं आणि मध्येच अडत होतं. डोकेदुखीचा तो सल्ला वंदनाताईंचा होता. मी सांगितलं ना, त्यांचा आवाज मला पाठ आहे. माइकवर मात्र तो असा कधी ऐकला नव्हता.

त्या हसण्याच्या मागून एक हळू आवाज आला. "मी डोक्याचं बहाणं नाही करत. मी सरळ नाही म्हणते. लग्न झालं तवापासून म्हणून राहिली. एक दिवसही ऐकलं नाही. अन् हेच सकाळी उठून लोकायले हसून चहा पाजतात."

"कोनाची वं तू?" म्हातारीने मायेने विचारलं.

उत्तर यायच्या आत पुठ्ठा निघाला. नटीचं उघडं अंग धाडकन माझ्यावर पडलं आणि माझा सगळा उजेड हॉलमध्ये गेला. मागच्या रांगेत खुर्चीची पाठ धरून उभी राहिलेली प्राजक्ता लख्ख दिसली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, आणि पदर, ओढण्या, हात, जे मिळेल ते तोंडावर गेलं. केबिनमधून पंकज ओरडला, "सॉरी सॉरी, पुठ्ठा सटकला!"

सटकला म्हणे! इतकी वर्षं भिवाजीच्या थरथरत्या हातातून तो कधी सटकला नाही. बायकोचा आवाज नवऱ्याने ओळखला होता आणि त्याने माझा कंदील करून ती कोण हे सगळ्यांना दाखवलं. संताप संताप झाला माझा. पण पडदा काय करणार? माझ्यावर जे टाकतात ते मी दाखवतो.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ताला लोधीखेड्याला पोचवून दिलं. "बरं नाही तिले," पंकज सांगत होता. पानठेल्यावर वेगळंच चाललं होतं, ते पुढच्या बाकांवरून माझ्या कानावर आलं. "पिक्चर पाहून बिघडली. सुटली ते आता." मित्रांनो, पोस्टरवरची बाई दुसऱ्या माणसाबरोबर डोंगरावर निघून जाते, तिला लोक आझाद म्हणत होते आणि तिकिटं काढत होते. प्राजक्ताला दुसरा कोणी नको होता, डोंगर नको होता. तिला आपल्याच घरात, आपल्याच अंगाबद्दल, नाही म्हटलेलं ऐकू जायला हवं होतं. एवढ्यासाठी ती सुटलेली ठरली. पिक्चरमध्येसुद्धा त्या 'नाही'चं पुढे काही होत नाही. नटी दुसऱ्याला 'हो' म्हणते, गाणं लागतं, संपलं. 'नाही' तिथेच पडून राहतं.

पिक्चर मात्र चालला. इतका, की रविवारच्या शोआधी महिला मंडळाने पंकजचा सत्कार ठेवला. ट्यूबलाइटा लावल्या. त्याच बायका त्याच खुर्च्यांवर, पण आता कठड्याच्या आत नीट बसलेल्या. बाहेर शोला आलेले बाप्येही उरलेल्या खुर्च्यांवर टेकले. वंदनाताई बोलल्या, "आपल्या लहानशा गावात स्त्रीमुक्तीचा असा सिनेमा दाखवायला हिंमत लागते." शाल, श्रीफळ, टाळ्या. पंकज हात जोडून म्हणाला, "स्त्रीचा सन्मान हाच आमच्या घराचा संस्कार हाय."

शेवटी ताईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?"

"मले बोलायचं हाय," मागून आवाज आला. प्राजक्ता लोधीखेड्याहून बसने आली होती. गल्लीतल्या लेडीजच्या दाराने नाही, समोरच्या मोठ्या दाराने. मधल्या वाटेने चालत ती माझ्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

"त्या दिवशी अंधारात बोलली, ते आता उजेडात बोलून राहिली," ती म्हणाली. "मी नाही म्हणते अन् हे ऐकत नाहीत. मले हे घर सोडायचं नाही. मले माझं नाही ऐकलेलं पाहिजे. ऐकतीन तं मी आजच घरी येते. तुम्ही सगळ्या त्या दिवशी इथंच होत्या. एक जण तरी म्हणा, का ही खरं बोलून राहिली."

मी पाहत होतो. सगळे चेहरे माझ्यासमोरच होते. 'घ्या वं' म्हणणारी म्हातारी चपलेचा अंगठा नीट करू लागली. ताट फेकणाऱ्याची बायको पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. कठड्याच्या आतल्या सगळ्या माना खाली गेल्या. वंदनाताई माइकवर हात ठेवून म्हणाल्या, "प्राजक्ता, घरातलं घरात बोलू या ना, बाई."

"ताई, तुमचं डोकं अजून दुखते का हो?" प्राजक्ताने विचारलं.

ताईंचं तोंड पांढरंफटक पडलं. मागच्या रांगेतल्या बाप्यांपैकी कोणीतरी शिट्टी घातली. प्राजक्ताने कठड्याकडे एकदा पाहिलं आणि आली तशी मोठ्या दाराने निघून गेली. तिच्यामागे कोणी उठलं नाही. मग ट्यूबलाइटा विझल्या आणि शो सुरू झाला. शाल पांघरलेला पंकज पहिल्या रांगेत बसला होता. माझ्या छिद्रांतून ती ओळ परत गेली, आज नहीं, मेरा मन नहीं है, आणि लोक हसले. तोही हसला.

तो पिक्चर बायकांचा होता का, असं तुम्ही मला विचाराल. लेडीज शोला, पुठ्ठा लागलेला होता तेवढा वेळ, होता. मला दिसत काही नव्हतं, पण ऐकलं मी.

जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा, फेकू नका. मला खुशाल फेका. संत्र्याच्या ढिगावर झाकण म्हणून घाला, माझी तक्रार नाही. प्राजक्ता लोधीखेड्यात आहे, अजून कोणी तिला आणायला गेलेलं नाही. बायांनो, तिची विचारपूस करायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा, आणि एकट्यादुकट्या नका जाऊ. त्या दिवशी अंधारात ज्या ज्या बोलल्या, त्या सगळ्या जा. कोण कोण होत्या हे विसरलात तर मला विचारा, मला सगळ्यांचे आवाज पाठ आहेत.