घरगाडीतलं कपाट

सोमवारी दुपारी पावणेबाराला दौंडहून न्हावऱ्यामार्गे शिरूरकडे निघालेल्या एका मिनीबसमधलं कपाट कोसळलं आणि सोजरबाई ओहोळ त्याखाली सापडल्या. जागा निमोण्याच्या अलीकडची, उसाच्या फडालगतची. उसानं भरलेली बैलांची टायरगाडी फडातून एकदम डांबरीवर चढली, म्हणून सोजरबाईंच्या मुलानं, सतीशनं, करकचून ब्रेक दाबला. बैल वाचले. मिनीबसला ओरखडासुद्धा आला नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असतं, गाडी कडेला घेऊन कुणी चहा प्यायला उतरलं आहे.

ही मिनीबस म्हणजे ओहोळ नवरा-बायकोचं फिरतं घर. चांगदेव ओहोळ दौंडला रेल्वेत डबे दुरुस्तीवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली, तिच्यातली बाकडी उपटली आणि बर्थ, ओटा, माळा, छताला भिडणारं कपाट असं सगळं स्वतःच्या हातानं बसवलं. दौंडला लोक तिला घरगाडी म्हणायचे. तिच्यातून दोघं सांची, सारनाथ, बोधगया करून आले. पुढे सोजरबाईंचे गुडघे गेले. बर्थ उंच पडायला लागला. संडासाची खुर्ची ठेवायची तर कपाट आड येत होतं. शेवटी बर्थ आणि कपाट दोन्ही काढून बुटकी कॉट बसवायचं ठरलं. शिरूरच्या सुतारानं २००५च्या जानेवारीतला हा सोमवार दिला. सतीश रांजणगावला कारखान्यात पाळीनं काम करतो. त्यानं रजा टाकली आणि गाडी चालवायला आला.

सुताराचं काम हलकं व्हावं म्हणून चांगदेवांनी आदल्या दिवशी घरीच सुरुवात केली होती. कपाटाचे वरचे स्क्रू त्यांनी ड्रिलनं उडवले. तेवढ्यात लाइट गेली आणि खालचे राहिले. मग सोमवारी सकाळी निघताना कपाट नायलॉनच्या दोरीनं खिडकीच्या गजाला बांधलं आणि मुलाला सांगितलं, “चाळीसच्या वर न्यायची न्हाई.”

सतीशनं नेलीही नव्हती. सोजरबाई पुढे त्याच्या शेजारी बसल्या होत्या. न्हावऱ्याजवळ गुडघा ठणकायला लागला, तेव्हा त्यानंच त्यांना उचलून मागच्या बर्थवर निजवलं आणि चांगदेव पुढे येऊन बसले.

ब्रेक लागताच दोरी तुटली. कपाट पुढे येऊन त्यांच्या मांड्यांवर आडवं झालं. वरचा माळा एका बाजूनं निसटला आणि कपाट व मागचा पत्रा यांच्यामध्ये पाचरीसारखा जाऊन बसला. माळा तिथून निघेपर्यंत कपाट मागे जाणार नव्हतं. खालचे स्क्रू अजून फरशीत होते, त्यामुळे ते वरही उचलता येत नव्हतं.

फड सर्जेराव यांचा, टायरगाडीही त्यांच्याच उसाची. ते कोयता टाकून धावत आले. मागोमाग तोडणीवाले आले. चौघांनी कपाटाला हात घातला.

“एकदमच उचला रं! हं!”

सोजरबाई अशा ओरडल्या की चौघांनी हात काढून घेतले.

“हातानं व्हनार न्हाई हे,” सर्जेराव म्हणाले. “मामा, हे माळ्याचं स्क्रू काढू आधी. स्क्रू-ड्रायव्हर हाय ना गाडीत?”

चांगदेवांनी माळ्याच्या कडेला बोट दाखवलं. सर्जेरावांनी वाकून अंगठ्यानं एक स्क्रू चाचपला. मग दुसरा.

“ह्याला खाच कुठाय?”

“न्हाई.”

“म्हंजी?”

“घासून काढली. समद्यांची.”

रेल्वेच्या डब्यात जे सुटतं ते जातं. नळ जातात, आरसे जातात, दिव्यांच्या जाळ्या जातात. म्हणून काही ठिकाणी स्क्रू बसवला की त्याची खाच ग्राइंडरनं घासून टाकायची, म्हणजे कुणाच्या हत्यारानं तो फिरत नाही. चांगदेवांनी नोकरीभर हे केलं होतं. घरगाडी परक्या गावात, स्टँडाबाहेर, धर्मशाळेच्या आवारात उभी राहणार. म्हणून तिथंही त्यांनी तेच केलं. कोणीही काही चोरलं नाही.

“संडासातला मग्गा बी साखळीला बांधलाय,” बर्थवरून सोजरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “बायको तेवढी बांधायची ऱ्हायली हुती. झालं आज.”

सर्जेरावांच्या पत्नी साळूबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या होत्या. ओट्याखालच्या बोळातून सरपटत त्या बर्थच्या डोक्याशी पोचल्या आणि सोजरबाईंचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

“मावशी, माझ्याकडं बघा. त्यांच्याकडं नका बघू.”

एकानं कुऱ्हाड आणली. कपाटाच्या आत लोखंडी अँगल होता. पहिल्याच घावाचा हादरा सोजरबाईंच्या पायात गेला आणि साळूबाईंनी ओरडून कुऱ्हाड थांबवली. सतीशनं करवतीचं पातं खालून घातलं. जागा इतकी कमी होती की हात पुढेमागे होईना. पातं मोडलं. दुसरंही मोडलं. गावातून वेल्डर गॅस-कटर घेऊन आला, पण चांगदेव दारात आडवे झाले.

“खाली फोमची गादी हाय. ती जळंल आत.”

वेल्डरनं डोकं घालून आत पाहिलं. “मामांचं खरं हाय. मी न्हाई लावनार ह्याला आग.”

राहिलं ड्रिल. ते गाडीतच होतं. पण निमोण्यात लोडशेडिंग होतं आणि लाइट संध्याकाळपर्यंत येणार नव्हती.

“भिमाजीचा जनरेटर,” सर्जेराव म्हणाले आणि ट्रॅक्टरवर बसले. भिमाजी मांडववाले. त्या दिवशी गावात एक लग्न होतं आणि जनरेटर तिथं लाउडस्पीकरला लावलेला होता.

सतीश शिरूरला फोन लावत होता. अँब्युलन्स दुसऱ्या अपघाताला गेली होती. ओळखीच्या एका डॉक्टरीणबाई लागल्या. त्यांनी आधी विचारलं की पाय केव्हापासून दाबले गेलेत. तास होऊन गेला हे ऐकून त्या म्हणाल्या,

“मी सलाइन घेऊन निघते. मी येईपर्यंत ओझं काढू नका.”

“अहो, काढायचीच तर धडपड चाललीय.”

“ऐका. दाबलेल्या पायात विष साठतं. ओझं एकदम निघालं की ते सगळं रक्तात उतरतं. मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हृदयसुद्धा. मोकळं करायची तयारी करून ठेवा, पण सलाइन लागल्याशिवाय उचलू नका. कळलं का?”

सतीशनं हे वडलांना सांगितलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू सांगितलं.

“काय म्हनली डॉक्टरीण?” सोजरबाईंनी आतून विचारलं.

“निघालीय म्हणाली, आई.”

भिमाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जनरेटर धरून उभे राहूनच आले. “पंगत अर्धी ऱ्हायली, गाणं बंद. नवरीचा बाप शिव्या घालतोय. लावा लवकर.”

वायर खिडकीतून आत गेली. ड्रिल चांगदेवांनी हातात घेतलं. टोक स्क्रूवर टेकलं आणि घसरून पत्र्यावर गेलं. पुन्हा टेकलं, पुन्हा घसरलं. सतीशनं हात पुढे केला.

“आप्पा, द्या इकडं.”

“मधोमध धर. जोर नको लावू. बाजूला गेली तर बिट मोडंल.”

पहिला स्क्रू गेला. दुसऱ्याला बिट मोडली. डबीत आणखी एकच तेवढी जाड बिट होती. सतीश थांबून थांबून, बिट तापू नये म्हणून पाणी सोडत ड्रिल चालवत राहिला. जनरेटरच्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नव्हतं. साळूबाई मात्र वाकून सारख्या काही ना काही विचारत होत्या. माहेर कुठलं, नातवंडं किती, बोधगयेला थंडी होती का.

“लई थंडी,” सोजरबाई म्हणाल्या. “ह्यांनी रातभर ष्टो पेटवला तवा झोप लागली.” मग जरा वेळानं, “साळूबाई, मघा पायाला मुंग्या येत हुत्या. आता त्या बी न्हाई.”

माळा सुटला. तोडणीवाल्यांनी तो तिरपा करून, ओट्यावरून ओढत दाराबाहेर काढला. आता कपाट मागे ढकलता येत होतं. चौघं जण खांदे लावून उभे राहिले. भिमाजींनी जनरेटर बंद केला.

डॉक्टरीणबाई आल्या नव्हत्या. सतीशनं फोन लावला, तो लागला. उसाच्या ट्रॉल्यांची रांग पुढे होती आणि साइड मिळत नव्हती. “थांबा,” त्या म्हणाल्या आणि फोन कटला. पुन्हा लागला नाही.

“मोकळं झालं का?” सोजरबाईंनी विचारलं.

“व्हय,” चांगदेव म्हणाले.

“मग काढा की.”

“डॉक्टरीण येऊ दे, सोजर. थोडं थांब.”

“अवो, किती थांबू? काढा.”

“सलाइन लागल्याबिगर न्हाई काढायचं. तिनं सांगितलंय.”

“आप्पा, तिनं फोनवर सांगितलंय,” सतीश म्हणाला. “तिनं आईला बघितलेलं नाही. काढू या.”

“न्हाई.”

“सकाळी कपाट मी बांधू का म्हणालो, तेव्हाही तुम्ही नाहीच म्हणालात.”

चांगदेवांनी मुलाकडे पाहिलंही नाही. ते रस्त्याकडे बघत होते. शिरूरच्या बाजूनं मोटारसायकली येत होत्या, एक टेम्पो आला. मोटार येत नव्हती.

“मामा,” सर्जेराव म्हणाले, “आमी धरलंय. तुमी सांगाल तसं. पन सांगा काहीतरी.”

फडात बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. सोजरबाई काहीतरी पुटपुटल्या. साळूबाईंनी कान जवळ नेला.

“काय म्हनल्या?” सर्जेरावांनी विचारलं.

“कळंना. शब्द लागंना झालंय.” साळूबाईंनी त्यांच्या गालावर हलके चापट्या मारल्या. “मावशी! मावशी, नातवंडं किती म्हनला? मावशी!” त्यांनी मान वर केली. “अवो, बोलंनात त्या!”

“ढकला,” चांगदेव म्हणाले.

चौघांनी रेटा दिला. कपाट करकरत मागे गेलं आणि पत्र्याला टेकलं. सतीशनं आणि साळूबाईंनी सोजरबाईंना ओढून घेतलं. मांड्यांवरचं लुगडं कोरडं होतं, रक्त नव्हतं. सोजरबाईंनी डोळे उघडले, मोठा श्वास घेतला आणि स्पष्ट म्हणाल्या, “हलकं झालं.”

भिमाजींनी हात जोडले. वेल्डरनं बिडी पेटवली. चांगदेव फरशीवर बसले.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा सोजरबाईंना दारापर्यंत आणलेलं होतं. त्यांनी नाडी पाहिली, दोन्ही हातांना सलाइन लावलं आणि विचारलं, “ओझं काढून किती वेळ झाला?” एकानं सांगितलं, आत्ताच. दुसऱ्यानं सांगितलं, बराच. चांगदेवांना विचारलं तर ते म्हणाले, “मी सांगितलं म्हनून काढलं. ह्यांनी आपल्या मनानं न्हाई काढलं.”

दुसऱ्या अपघातावरून मोकळी झालेली अँब्युलन्स शिरूरहून आली आणि सोजरबाईंना घेऊन पुण्याच्या रस्त्याला लागली. कोरेगाव भीमाला गर्दीत ती अडकली, तिथं सोजरबाईंची नाडी लागेनाशी झाली. वाघोलीच्या अलीकडे पुन्हा लागली. पुण्यातल्या रुग्णालयात त्यांना अतिदक्षता विभागात घेतलं.

मिनीबस अजून सर्जेरावांच्या फडाशेजारी उभी आहे. कपाट आतच आहे, खालच्या स्क्रूंवर. शिरूरच्या सुतारानं रात्रीपर्यंत दोनदा निरोप पाठवून विचारलं, गाडी कधी आणता.

मंगळवारी सकाळी डॉक्टर फेरीला आले. पाय तूर्त कापायचे नाहीत, असं त्यांनी चांगदेव आणि सतीश दोघांना सांगितलं. मूत्रपिंडांचं विचारलं, तेव्हा म्हणाले, लघवी सुरू झाली तर पुढचं बोलता येईल, तोवर काही नाही. ते पुढच्या खाटेकडे गेले तेव्हा सोजरबाईंच्या खाटेला लावलेली लघवीची पिशवी कोरडी होती.