सातव्या नमुन्याबद्दल पहिलं मत

ताई कंपनीत नेमकं काय करते हे तिच्या घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. कुणी विचारलंच तर नवरा सांगायचा, "डबे करते," आणि ते अगदीच खोटं नव्हतं. एखादी वस्तू कारखान्यात हजारोंनी निघण्याआधी तिचे दहा-बारा नमुने हातानं करावे लागतात. ते ताई करायची. धातूची खोकी कापायची, लेथवर बटणं कातायची, कडांवरून कानस फिरवायची आणि आतलं सगळं बसवून स्क्रू पिळायची. कामावर रुजू होताना तिनं आतली गोष्ट बाहेर न बोलण्याच्या कागदावर सही केली होती. एकवीस वर्षं ती सही तिनं इतकी पाळली, की मुलगी दुसरीत असताना 'आईचा व्यवसाय' या रकान्यात 'गुपित' असं लिहून आली होती.

आता कॉलेजात जाणारी तीच मुलगी एका सोमवारी सकाळी चहा घेता घेता फोन पुढे करून म्हणाली, "आई, हे तुमच्याकडचं आहे का गं?"

गाणी ऐकण्याच्या नादी लागलेल्या लोकांची एक साइट होती, मुलगी ती रोज वाचायची. तिथे आदल्या संध्याकाळी कुणीतरी एक लेख टाकला होता. 'बाजारात न आलेला खिशातला प्लेअर, अर्ध्या तासाच्या ओळखीवर.' खाली तीन फोटो होते. चौकटीच्या टेबलक्लॉथवर एक करडा, पत्त्यांच्या कॅटाएवढा प्लेअर पडला होता आणि त्याच्या कोपऱ्यात आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण होतं.

ताईनं फोन हातात घेतला. बटणाच्या कडेला बारीक खाचा होत्या आणि एका ठिकाणी दोन खाचा सपाट झाल्या होत्या. तिथे कानस घसरली होती. अकरा नमुन्यांपैकी सातव्यावर ते झालं होतं. बटण बदलायला वेळ नव्हता म्हणून तिनं ते तसंच लावून दिलं होतं, आणि त्याची चुटपुट तिला आठवडाभर लागली होती.

"आमचं नाही," ती म्हणाली. मग लेख वाचायला मागितला.

लिहिणारा माणूस समजूतदार होता. हातात घेतल्यावर वजन बरं वाटतं, बटण लोण्यासारखं फिरतं, असं त्यानं लिहिलं होतं. गाणारा माणूस अगदी समोर येऊन बसतो, हेही कबूल केलं होतं. पण पुढे लिहिलं होतं, की वरचे आवाज सहन होत नाहीत. झांज वाजली की कुणी कानात टाचणी टोचल्यासारखं होतं, गायिकेच्या प्रत्येक 'स'ला शिट्टी फुटते. वीस मिनिटांत मी हेडफोन काढून ठेवला. ज्यांनी हे बसवलं ते अनुभवी लोक असणार, मग त्यांना हे कसं ऐकू आलं नाही, एवढंच कोडं पडतं.

ताईनं फोन परत दिला, डबा उचलला आणि निघाली. बसमध्ये तिला एकाच गोष्टीचा विचार होता. नमुने कुणाकुणाकडे दिले याची वही तिच्याच ताब्यात होती. सातवा नमुना कानसेनांकडे होता.

कानसेन हे अर्थातच टोपणनाव. प्लेअरमधून येणारा आवाज कसा असावा हे ठरवायचं काम त्यांचं. तीस वर्षांत कंपनीची एकही वस्तू त्यांच्या कानाखालून गेल्याशिवाय बाहेर पडली नव्हती. ताई त्यांना काका म्हणायची. दोघांची कामाची खोली शेजारी शेजारी, त्यामुळे आमची कंपनी कानस आणि कानसेन यांच्यावर चालते, हा ऑफिसातला जुना विनोद होता. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी ऐकवला जायचा.

ऑफिसात पोचली तर वातावरण तापलेलं होतं. प्रकल्पाच्या प्रमुखांनी तिला लगेच बोलावून घेतलं. फोटो मोठे करून भिंतीवर लावले होते. प्रमुख आवाज न चढवता बोलत होते, म्हणजे ते खरोखर चिडले होते. त्यांचं म्हणणं असं, की नमुने ताईनं स्वतःच्या हातानं केलेत, तेव्हा हा कुठला हे तिनं ओळखावं. त्यांना स्वतःला फारशी शंका नव्हती. चार महिन्यांपूर्वी लागलेली सॉफ्टवेअरची मुलगी दिवसभर असल्याच साइट्सवर असते, तिच्याकडे चौथा नमुना आहे. तुम्ही फक्त चौथा म्हणा, बाकीचं मी बघतो.

ताई फोटोकडे बघत राहिली. सपाट झालेल्या दोन खाचा भिंतीवर आता तळहाताएवढ्या दिसत होत्या.

"फोटोवरून छातीठोक नाही सांगता येणार," ती म्हणाली. "नमुने गोळा करून भिंगाखाली घालते. संध्याकाळपर्यंत सांगते."

तिनं केबिनचं दार ओढून घेतलं तेव्हा ती सॉफ्टवेअरची मुलगी पाण्याच्या यंत्राशी बाटली भरत उभी होती. तिनं ताईला हसून विचारलं की आज सगळे असे गप्प का. ताईनं सांगितलं, कामं जास्त आहेत.

कानसेनांच्या खोलीला भिंतीभर जाड स्पंज लावलेला होता. तिथे बोललं की शब्द तोंडातून निघून जागच्या जागी विरायचे. ते टेबलाशी बसले होते. समोर सातवा नमुना होता, आणि त्यांनी काही लपवायचा प्रयत्न केला नाही.

"बघितलंस ना," ते म्हणाले.

ताईनं खुर्ची ओढली. तिला एकदम चार्जरची गोष्ट आठवली. मागच्या महिन्यात चाचणीचा एक चार्जर बिघडून बारीक शीळ घालायला लागला होता. पलीकडच्या खोलीतले लोकसुद्धा हैराण झाले होते. कानसेन दोन दिवस त्याच्याशेजारी बसून शांतपणे काम करत होते, आणि कुणी तक्रार केली तर विचारत होते, कसला आवाज? सगळ्यांना वाटलं, माणूस कामात बुडालाय.

"काका, कधीपासून?"

दीड वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी कानाची तपासणी करून एक आलेख काढून दिला होता, तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता. डावीकडून सरळ येणारी रेघ उजवीकडे धाडकन खाली पडत होती. वरचे बारीक आवाज त्यांच्यापुरते संपले होते. सुरुवातीला त्यांनी जुन्या अंदाजानं निभावून नेलं. मग अंदाजावरचाही भरवसा उडाला. ऑफिसात कुणाला ऐकायला दिलं तर उत्तर ठरलेलं, तुम्ही म्हणाल ते बरोबर. शेवटी रविवारी ते प्लेअर खिशात घालून वाचनालयाच्या मागच्या खोलीत गेले. तिथे दर आठवड्याला सहा-सातजण गाणी ऐकायला जमत. तिथे त्यांना निवृत्त कारकून समजत. त्यांनी प्लेअर कुठला ते न सांगता सगळ्यांच्या कानाला लावला. कुणी काही वावगं बोललं नाही, वयाचा मान राखून सगळे छान छान म्हणाले. त्यातला एकजण मात्र बराच वेळ ऐकत बसला होता, आणि त्यानं फोटो कधी काढले ते यांना समजलंही नाही.

"तोंडावर बोलला असता तर बरं झालं असतं," कानसेन म्हणाले. "पण तोंडावर मला कोण बोलणार?"

नमुना तयार झाला की ताई स्वतः एक गाणं लावून बघायची, दोन्ही बाजूंनी आवाज येतो का एवढंच तपासायला. या वेळी पहिल्या नमुन्यापासून तिच्या कानाला काहीतरी टोचलं होतं. अकराच्या अकरा वेळा टोचलं होतं. आपल्याला यातलं काय कळतं, असं म्हणून ती पुढच्या स्क्रूकडे वळली होती. हे तिनं आता त्यांना सांगितलं.

कानसेनांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "अकरा वेळा?" एवढंच म्हणाले.

मग तिनं सॉफ्टवेअरच्या मुलीचं सांगितलं. ते ऐकल्यावर ते उठायलाच लागले, आत्ता जातो म्हणाले. ताईनं त्यांना थांबवलं. जायचं तर आहेच, पण आत्ता गेलात तर हे यंत्र पुन्हा तुमच्या हातात कुणी देणार नाही, आणि आवाज आहे तसाच बाजारात जाईल. संध्याकाळपर्यंतचा वेळ मी मागून घेतलाय.

अकरा वाजता त्यांनी सुरुवात केली. कानसेन संगणकासमोर, ताई हेडफोन घालून पाठमोरी. पडद्यावर एक वाकडी रेघ होती, डावीकडे खालचे आवाज, उजवीकडे वरचे. तिचा उजवा भाग ते केसभर खाली ओढायचे आणि ताई सांगायची. टोचतंय. अजून टोचतंय. आता बोथट झालं, कांबळं टाकल्यासारखं. सुरुवातीला ती चाचरत होती, प्रत्येक वाक्याला 'मला आपलं वाटतं' जोडत होती. दुपारपर्यंत ते गळून पडलं. एकदा कानसेन म्हणाले की एवढं खाली नेलं तर झांजेची चमक जाईल. ताई म्हणाली, नाही जात, मी ऐकतेय. त्यांनी रेघ खाली नेली. एकच गाणं तिनं त्या दिवशी चाळीसेक वेळा ऐकलं असेल. नंतर बरेच दिवस ते कुठे लागलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

चार वाजता कानसेनांनी रेघ साठवली, ड्रॉवरमधला आलेख घडी करून खिशात घातला आणि दोघं प्रमुखांकडे गेली. ताईनं सांगितलं की फोटोतला नमुना सातवा आहे. कानसेनांनी सांगितलं की सातवा माझ्याकडे होता आणि बाहेर मीच नेला. मग त्यांनी आलेख टेबलावर ठेवला. प्रमुखांनी तो दोनदा उलटसुलट केला. त्यांना तो वाचता येत नव्हता, कानसेनांनी बोट ठेवून समजावून दिला.

पुढचं सगळं रीतसर झालं. नियमाप्रमाणे कानसेनांना काढूनच टाकायचं होतं. तीस वर्षांकडे पाहून त्यांना मुदतीआधी निवृत्त व्हायला सांगण्यात आलं. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. शुक्रवारी त्यांनी खोलीची किल्ली ताईकडे दिली. ताईला माहिती वेळेवर न दिल्याबद्दल एक पत्र मिळालं, ते तिच्या फायलीत आहे. सॉफ्टवेअरच्या मुलीला आपल्यावर संशय होता हे कधीच कळलं नाही. कंपनीनं त्या साइटला कळवलं, की फोटोतला नमुना सुरुवातीचा होता आणि आवाजात बदल केला गेला आहे. ते खरंच होतं.

प्लेअर आठ महिन्यांनी बाजारात आला. सोमवारची ती रेघ शेवटपर्यंत तशीच राहिली, कारण नव्यानं आलेल्या दोन ध्वनितज्ज्ञांना तिच्यात बदलण्यासारखं काही सापडलं नाही. लोकांनी बऱ्यापैकी विकत घेतला. ताईच्या मुलीनं मात्र घेतला नाही, तिला तो जाड वाटला. कंपनीत आता नवा नियम आहे. कुठलाही नमुना चारजण वेगवेगळे बसून ऐकतात आणि आपापलं मत आधी कागदावर लिहितात, बोलणं नंतर. चौघांत ताई असते. तिचा कागद बहुतेक सगळ्यात आधी येतो.

पुढच्या वर्षी एकदा बसस्टॉपवर तिला कानसेन भेटले. दोन्ही कानांत छोटी यंत्रं होती. त्या यंत्रांचा त्यांना भारी वैताग होता. घरात नळ, पंखा, वर्तमानपत्राची पानं, सगळं अंगावर येतं, बायको म्हणते निदान आता हाक मारली की ओ देता, असं ते सांगत होते. मग गुडघ्यांचं निघालं, ताईच्या मुलीच्या परीक्षेचं निघालं. ते थोडं मोठ्यानं बोलत होते आणि रांगेतले लोक वळून बघत होते. प्लेअरचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. त्यांची बस आधी आली. चढता चढता त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, ताईनं पिशवी वर दिली, आणि बस गेली.