सेलिनाचे धोटे

माझा भाऊ एनॉक विणकर युनियनचा सेक्रेटरी झाला, तेव्हा अख्ख्या गल्लीला मी चहा पाजला होता. आता कुणी त्याचं नाव काढलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. उगाच नाही जात. ऐका.

एडवर्ड राजा वारला त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे कापड विणतात तिथे, माझ्या शेजारच्या मागांवर सेलिना होती. खोकून खोकून गेली बिचारी. शेवटी शेवटी रुमालात रक्त पडायचं, तरी मागावर उभी राहायची. घरी बसली असती तर चूल कोण पेटवणार होतं, तो राजा? ती गेली आणि तिचे माग टॅमरला मिळाले. टॅमर माझ्याच घरी भाड्याने राहते. विशीतली पोर, पुढे-मागे कुणी नाही. मागांबरोबर सेलिनाचे धोटेही तिच्याच वाट्याला आले.

धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारी लाकडी होडी, आणि त्याची आमच्याकडे एक घाणेरडी रीत आहे. आतली सुताची कांडी संपली की नवी घालायची, सुताचं टोक धोट्याच्या भोकाशी आणायचं आणि भोकाला ओठ लावून जोरात ओढायचं, की सूत बाहेर. दिवसभर हेच. सुताबरोबर धूळ, तेल आणि आधीच्या बाईची थुंकी, सगळं घशात. तिशी उलटायच्या आत पुढचे दात किडतात. लँकेशायरभर बायका हेच करतात, आणि मालकलोक म्हणतात, त्यात काय एवढं, तुमच्या आयाही करायच्या. करायच्या ना! म्हणून तर मेल्या.

टॅमरने पहिल्याच दिवशी धोटा हातात घेतला, पाहिला आणि खाली ठेवला. "केझीमावशी, मी ह्याला तोंड लावणार नाही. सेलिनाचे रक्ताचे रुमाल धुतलेत मी."

तिने केसातली पिन काढली, वाकवून आकडा केला आणि त्याने सूत ओढायला लागली. वेळ जरा जास्त जायचा. जॉबर सिडलला, आमच्यावरच्या मुकादमाला, ते कसं खपणार? आमच्या कापडावर त्याची कमाई. आला कंबरेवर हात ठेवून. "काय राणीसाहेब, चांदीची नळी मागवू का तुमच्यासाठी?"

"तुम्ही लावा ना तोंड," टॅमर म्हणाली. "मी धोटा धरते."

दुपारपर्यंत तिला कामावरून काढलं. आणि एका गिरणीने काढलेल्या पोरीला आमच्या गावात दुसरी गिरणी दारात उभं करत नाही. तिने जायचं कुठे? कुणाची भांडी घासायला?

संध्याकाळी आम्ही बायका माझ्या स्वयंपाकघरात जमलो आणि एनॉकला बोलावून घेतलं. युनियनची वर्गणी बहुतेक बायकांची, आणि कमिटीत सगळे पुरुष. पण म्हटलं असू दे, एनॉक आपला आहे. आई गेल्यावर मी वाढवलेला. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी करायचा, तेव्हा माझ्याच मागांखाली झाडायचा.

"केझी, शांत हो बघू," तो म्हणाला. टॅमरच्या डोक्यावर हात ठेवला त्याने. "उद्या मी गिरणीच्या साहेबाला भेटतो. एकतर ही पोर मागावर उभी राहील, नाहीतर सगळे माग बंद राहतील. शब्द आहे माझा."

टॅमर रडली तेव्हा. मीसुद्धा डोळे पुसले. मूर्ख म्हणा मला.

दुसऱ्या दिवशी तो गिरणीत आला, चांगला कोट घालून. साहेबाची केबिन साळखात्याच्या कोपऱ्यातच आहे, काचेची, आमच्यावर डोळा ठेवायला. आता साळखात्यात कान काही कामाचे नसतात. शेकडो माग धडधडत असतात, कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. आम्ही ओठांनी बोलतो. आवाज न काढता तोंड मोठं करायचं, एकेक शब्द वेगळा पाडायचा, की दहा माग पलीकडची बाई वाचते. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दिवस गेले, सगळं असंच कळतं. एनॉकला ही बोली मीच शिकवली होती.

क्रॉशॉसाहेबाने त्याला समोरची खुर्ची दाखवली. तिच्यात बसला असता तर त्याची पाठ आमच्याकडे आली असती आणि आज मी बसले असते भावाचं कौतुक सांगत. पण हा टेबलाला वळसा घालून साहेबाच्या शेजारी जाऊन उभा राहिला, घरच्या माणसासारखा. तोंड आमच्याकडे. आधी हळू काहीतरी पुटपुटला. साहेबाने कानाला हात लावला. केबिनमध्येही धडधड असतेच.

मग एनॉकने तेच केलं, जे आमच्यातला कुणीही गोंगाटात करतो. तोंड मोठं केलं आणि ओरडून एकेक शब्द वेगळा पाडला.

"एका पोरीसाठी मी माग बंद करणार नाही. खुशाल काढा तिला. बायका दोन दिवस ओरडतील, मग गप्प बसतील. नेहमीच बसतात." साहेबाने काहीतरी विचारलं. त्याच्या मिशांमुळे ते वाचता आलं नाही. एनॉक हसला. "केझी? केझीला मी बघतो. ती माझं ऐकते."

माझ्या हातात धोटा होता. मी वर पाहिलं तर सगळ्या बायका माझ्याकडेच बघत होत्या. पलीकडच्या रांगेतल्या रोडाने ओठ हलवले, "वाचलंस?"

"वाचलं," मी म्हणाले.

आणि मी दांडा ओढला. माझा एक माग थांबला, मग दुसरा, तिसरा, चौथा. रोडाचे थांबले. मग रांगच्या रांग. वरचे पट्टे नुसतेच फिरत राहिले. एवढी शांतता आम्ही दिवसाउजेडी त्या खात्यात कधी ऐकली नव्हती.

एनॉक आणि साहेब धावत बाहेर आले. एनॉक सवयीने ओरडायलाच लागला. "बायांनो! मी खूप झगडलो! पण साहेबांचीही काही अडचण आहे..."

मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले, एकेक शब्द वेगळा. केझीला मी बघतो. ती माझं ऐकते.

त्याने काचेकडे पाहिलं, मग रांगांकडे. सगळ्या बायकांचे ओठ हलत होते, आणि आवाज कुठेच नव्हता.

"काय म्हणतायत ह्या?" साहेब ओरडला. "तोंडं का हलवतायत?"

"सांगा ना, सेक्रेटरीसाहेब," मी मोठ्याने म्हणाले. "बोलण्यासाठीच ठेवलंय ना तुम्हाला? सांगा त्यांना, आम्ही काय म्हणतोय ते!"

एनॉकने रांगांमधले ओठ पुन्हा वाचले. "आधी टॅमर, म्हणतात. मग माग."

"आणि तुमचं काय म्हणणं आहे?" साहेब त्याच्यावर तसाच ओरडला.

"त्याला म्हणायचं होतं ते मघाशीच म्हणून झालंय," मी म्हणाले, आणि खुंटीवरची शाल काढली. आम्ही सगळ्या लाकडी तळाचे बूट आपटत अंगणात गेलो. जॉबर सिडल फाटकाला आडवा आला होता, रोडाने त्याला खांद्याने बाजूला केलं.

गिरणीत मोठी मागणी अडकली होती, म्हणून साहेब नमला, दया आली म्हणून नव्हे. टॅमर परत मागावर उभी राहिली, हातात आकडा घेऊन. तो आकडा फक्त तिला बरं का! आम्हा बाकीच्यांचे ओठ अजून धोट्यालाच आहेत. आणि एनॉक? कमिटीतल्या पुरुषांनी हात वर करून त्यालाच सेक्रेटरी ठेवलं. चिडेन नाहीतर काय करेन?

रविवारी तो जेवायला आला, दर रविवारसारखा, जणू काही घडलंच नाही. मी कांदा घालून वजडी शिजवली होती. टॅमर त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली होती. त्याला पाहून ती उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलं.

"केझी, माझं ऐकून तर घे," तो दारातूनच म्हणाला.

इतकी वर्षं त्या धडधडीत काढून माझे कान गेलेत. समोरचा ओरडला नाही आणि त्याचे ओठही दिसले नाहीत, तर मला एक अक्षर कळत नाही. हे त्याला चांगलं ठाऊक आहे. मी त्याच्याकडे पाठ केली आणि टॅमरच्या ताटात वजडी वाढली.

तो बराच वेळ बोलत होता म्हणे. काय बोलला ते टॅमर सांगायला लागली, तर मी म्हटलं, जेव तू.