माझ्या पोटात मावते तरी किती?

९ डिसेंबर, मंगळवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. दाबमापकाचा काटा ०.४ बारवर, बॉयलर बंद, आणि वृद्धनिवासाच्या नव्या बाजूच्या अकराही खोल्या गारठलेल्या. मित्रांनो, त्या सकाळी सगळ्यांची बोटे माझ्याकडे वळली होती, आणि माझे चुकले काय, हे मला काही केल्या उमगत नव्हते.

मी एक जुनी प्रसरण-टाकी आहे. तळघरात बॉयलरशेजारी उभी असते. पोलादाच्या दोन खोलगट वाट्या समोरासमोर जोडून मला घडवले, मध्ये रबराचा जाड पडदा बसवला आणि वरून लाल रंग चढवला. पडद्याच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला पाणी. बॉयलरमधून निघालेले पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांना ऊब देऊन परत बॉयलरकडे येते. या फेऱ्याला बाहेर पडायला दार नाही. पण पाणी तापले की फुगते. ते वाढीव पाणी माझ्याकडे येते. मी हवा आवरून त्याला जागा देते आणि निवले की माघारी धाडते. एवढाच माझा संसार.

तो पुष्कळ वर्षे सुरळीत चालला. मिस्त्री माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "ही आपली गरीब गाय. ना हाक, ना बोंब." मग जोडप्यांना एकत्र राहता यावे म्हणून इमारतीला नवी बाजू जोडली गेली. एका पाडलेल्या वास्तूतले बिडाचे जाडजूड रेडिएटर तिथे बसवले. वृद्धनिवास सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंना त्यांचा केवढा अभिमान! मिस्त्री म्हणाले, "बॉयलरची ताकद शिल्लक आहे, तोच पुरेल. बॉयलर तोच, म्हणजे टाकीही तीच." सगळ्यांना पटले. मलाही पटले.

आणि हिवाळा लागताच माझा जीव घुसमटू लागला. दुपारी पाणी तापले की ते माझ्यात मावेना. दाब वाढे आणि सुरक्षा-झडप भसाभस पाणी बाहेर थुंके. पहाटेपर्यंत उरलेले पाणी निवून आकसले की दाब तळाला जाई आणि बॉयलर आपोआप थांबे. मिस्त्री पुन्हा पाणी भरत. दुपारी पुन्हा तेच. त्यांनी झडप बदलली, सांधे तपासले. शेवटी मंगळवारी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ताई, टाकीचा पडदा फाटलाय. भंगारात काढू या."

मेट्रनबाई शाल आवळत म्हणाल्या, "काय करायचं ते करा. पण शनिवारी सकाळी खोल्या गरम नसतील, तर नवी बाजू बंद. आजोबा पुरुषांच्या दालनात, आजी बायकांच्या. माझा नाइलाज आहे."

त्यांच्या पाठोपाठ एक आजोबा जिना उतरले होते. निवृत्त शिंपी, नव्या बाजूच्या पहिल्याच खोलीत पत्नीसह राहणारे. ते तिथल्या उलट्या बादलीवर बसले. "पोरी, माझ्या बायकोला रात्री दिसत नाही. उठली तर माझा खांदा धरून चालते. तिकडे कुणाचा धरेल?"

बाई वर निघून गेल्या.

मिस्त्रींनी माझा नळ बंद केला, पाणी काढून टाकले आणि हवेचा दाब मोजला. बरोबर एक बार, पहिल्यांदा भरला होता तेवढाच. पडदा शाबूत! मी निरोगी निघाले, तरी गुन्हेगारच राहिले. माझा गोंधळ आणखी वाढला.

"आता सगळं पाणी मोजतो," मिस्त्री पुटपुटले. "जुन्या बाजूला सातशे लिटर. नवीन रेडिएटर आणि नळ मिळून सहाशे. अरे बापरे, तेराशे! ऐंशी अंशांपर्यंत तापल्यावर त्यातलं फुगणार साधारण अडतीस लिटर. पण टाकी पन्नासची आहे की! अडतीस पन्नासात मावायला हवेत."

"मावतात, तर मग थुंकते कशाला?" आजोबा वैतागले. "आता रिकामी केलीस, तर आत काय आहे?"

"हवा."

"आणि पाणी शिरल्यावर ती हवा जाते कुठं? माझ्या खिशात?"

"जाणार कुठं, आतच दबते..." मिस्त्री बोलता बोलता थांबले. त्यांनी खडू घेतला आणि माझ्या पोटावरच आकडे मांडले. सुरुवातीला दाब एक, वर वातावरणाचा एक, असे दोन. शेवटी, झडप उघडण्याआधी, जास्तीत जास्त अडीच अधिक एक, म्हणजे साडेतीन. त्या दाबाखाली माझी पन्नास लिटर हवा आकसून एकोणतीस लिटर होते. पाण्याला उरतात एकवीस.

"घ्या! जुन्या सातशे लिटरांचं फुगणं वीस. तेव्हा नेमकं बसत होतं. आता अडतीस! हिचा काहीच दोष नाही, आजोबा. बॉयलर बघितला, पाणी बघितलंच नाही."

"म्हणजे मापच चुकलं. आमच्यात अशाला गिऱ्हाईक शिव्या घालतं."

"घाला की. पण शुक्रवारनंतर."

मित्रांनो, मी खरोखर चक्रावले. आयुष्यभर स्वतःला पन्नास लिटरची समजत आले, आणि माझ्यात जागा होती एकवीस लिटरची. हे ऐकून लाजावे की सुटकेचा श्वास घ्यावा, अजून ठरत नाही. शुक्रवारी मिस्त्रींनी माझ्याशेजारी माझ्याच मापाची धाकटी बहीण बसवली. दोघी मिळून बेचाळीस लिटर सामावतो. त्या दुपारी झडप गप्प राहिली.

तुम्हाला माझी एकच विनवणी आहे. घर वाढवाल तेव्हा तळघरातल्या मुक्या सोबतिणीकडेही एकदा या. तिच्या अंगावर लिहिलेला आकडा वाचून परत फिरू नका; तिला किती पाणी सांभाळायचे आहे, ते आधी मोजा.

शनिवारी सकाळी आठ वाजता मेट्रनबाईंनी पहिल्या खोलीत, दोन्ही खाटांच्या मध्ये, तापमापक धरला. एकवीस अंश.